इन्क्लूड की कंपोनंट? नाटकांच्या तिकिटांच्या साइटसाठी एक उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुंबईतली तुमची छोटी टीम मराठी नाटकांच्या तिकीटविक्रीची साइट सांभाळते. साइट साध्या पीएचपीत, म्हणजे सर्व्हरवर पानं तयार करणाऱ्या भाषेत, आहे. हेडर, फुटर, मेनू आणि प्रत्येक प्रयोगाचं कार्ड (नाटकाचं नाव, नाट्यगृह, वेळ, दर, ‘तिकीट काढा’चं बटण) यांच्या वेगवेगळ्या फाइली आहेत आणि त्या जागोजागी इन्क्लूड केल्या आहेत, म्हणजे पानात त्या त्या जागी आणून जोडल्या आहेत. नव्याने रुजू झालेल्या सहकारी म्हणतात, सगळं रिअ‍ॅक्टमध्ये (ब्राउझरमध्ये पान उभं करणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी) नेऊन कंपोनंट (स्वतंत्र, स्वयंपूर्ण तुकडे) करू. जुनी मंडळी म्हणतात, चालतंय ना, मग हलवायचं कशाला? यात बरोबर कोण, हे तुम्हाला हवंय.

माझं मत आधीच सांगतो. हेडर-फुटर तूर्त इन्क्लूडच राहू द्या. प्रयोगाचं कार्ड कंपोनंट करा, आणि ते पीएचपीतच करा. रिअ‍ॅक्ट आणायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे, तो यात मिसळू नका.

इन्क्लूड आणि कंपोनंट यांत जुनं-नवं असा फरक नाही. कंपोनंटची कल्पना रिअ‍ॅक्टच्या (२०१३) कितीतरी आधीची आहे. कोल्डफ्यूजनमध्ये इन्क्लूडही होतं आणि कस्टम टॅगही होते, जेएसपीत टॅग फाइली होत्या, एएसपी डॉट नेटमध्ये यूजर कंट्रोल होते. हे सगळं सर्व्हरवरच चालायचं. खरा फरक एकाच गोष्टीत आहे: त्या तुकड्याला बाहेरचं काय काय दिसतं आणि बाहेरचं काय काय बदलता येतं. पीएचपीत इन्क्लूड केलेली फाइल ज्या ओळीवर इन्क्लूड झाली, त्या ओळीवरची सगळी व्हेरिएबल्स (माहिती साठवणारी नावं) तिला मिळतात. ती ती वाचू शकते आणि बदलूही शकते. कंपोनंटला मात्र हातात दिलं तेवढंच मिळतं, आणि आतली उलथापालथ आतच राहते. दौऱ्यावरचं नाटक आपला सेट टेम्पोत घालून आणतं आणि नाट्यगृहाकडून काय काय लागेल याची यादी आधी कळवतं, तशी कंपोनंटची रीत आहे. इन्क्लूडकडे अशी यादी नसते. त्याला काय लागतं हे कळायला पूर्ण फाइल वाचावी लागते.

हे तुमच्याच कार्डावर पाहू. मुखपृष्ठावर शनिवार-रविवारचे बारा प्रयोग दाखवायचे आहेत. पानावर फॉर लूप (तेच काम ठरावीक वेळा करणारा कोड) आहे, त्यात $आय शून्यापासून अकरापर्यंत जातो आणि प्रत्येक फेरीत कार्डाची फाइल इन्क्लूड होते. कार्डाच्या आत तिकिटांचे तीन दर छापायचे आहेत, म्हणून तिथेही कोणीतरी फॉर लूप लिहिला आणि सवयीने त्यालाही $आय हेच नाव दिलं. आता काय होतं बघा. पहिलं कार्ड नीट छापलं जातं. आतला लूप संपतो तेव्हा $आय तीन झालेला असतो. बाहेरचा लूप त्यात एक मिळवतो, तो चार होतो. म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर थेट पाचवा प्रयोग छापला जातो. पुन्हा आतला लूप $आय तीनवर आणतो, बाहेरचा चार करतो आणि पुन्हा पाचवाच प्रयोग येतो. असं ते चालूच राहतं, पीएचपीची ३० सेकंदांची नेहमीची मर्यादा किंवा मेमरी संपेपर्यंत. दोन्ही फाइली वेगवेगळ्या उघडून पाहिल्या तर दोन्ही निर्दोष दिसतात. चूक दोघींच्या मध्ये आहे, आणि ती जागा कुठल्याच फाइलमध्ये नाही.

हे निदान चटकन लक्षात तरी येतं, कारण पान अडकतं. त्याहून त्रासदायक प्रकार मूकपणे होतो. पानाचं शीर्षक $टायटल मध्ये आहे, ‘या आठवड्याचे प्रयोग’. कार्डानेही नाटकाच्या नावासाठी $टायटल वापरलं. सगळी कार्डं व्यवस्थित दिसतात, पण फुटरच्या वर असलेल्या ‘हे पान शेअर करा’ या दुव्यात शेवटच्या नाटकाचं नाव जातं. निर्मात्याचा फोन येतो की आमच्या दुव्यावर दुसऱ्यांचं नाटक दिसतंय, आणि शोधणारा माणूस शेअर बटणाच्या कोडमध्ये तासभर डोकं घालून बसतो. तिथे काहीच चुकलेलं नसतं.

उपाय फार मोठा नाही. एक फंक्शन (नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा) लिहा, प्रयोगकार्ड नावाचं, आणि त्याला फक्त प्रयोगाची माहिती द्या. फंक्शनच्या आत तीच जुनी कार्डाची फाइल इन्क्लूड करा. फंक्शनच्या आत इन्क्लूड केलेल्या फाइलला त्या फंक्शनपुरतीच व्हेरिएबल्स दिसतात, पानावरची नाहीत. त्यामुळे आतला $आय बाहेरच्या $आय ला शिवत नाही. जुन्या फाइलमधली एकही छापणारी ओळ न बदलता तुम्हाला कंपोनंट मिळतो. पीएचपी ८ वर असाल (ती २०२० मध्ये आली) तर बोलावताना प्रत्येक गोष्ट नावानिशी देता येते: नाटक अमुक, नाट्यगृह तमुक, स्थिती ‘हाउसफुल्ल’. सहा महिन्यांनी कोणी ती ओळ वाचली तरी कार्डाला काय लागतं ते तिथल्या तिथे कळतं. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचा मुख्य फायदा हाच आहे. फाइलींचा पुनर्वापर इन्क्लूडनेही होतो. गरज उघडपणे लिहिलेली असणं मात्र कंपोनंटमुळेच मिळतं.

पीएचपीची एखादी चौकट (फ्रेमवर्क) वापरत असाल तर हीच सोय तयार मिळते, पण तिथेही दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असतात आणि लोक गोंधळतात. लाराव्हेल या चौकटीच्या ब्लेड या टेम्प्लेट भाषेत इन्क्लूड केलेल्या टेम्प्लेटला मूळ पानाची सगळी माहिती आपोआप मिळते. कंपोनंटला मात्र तुम्ही द्याल तेवढंच मिळतं. एक्स-ने सुरू होणाऱ्या टॅगची आजची पद्धत लाराव्हेल ७ पासून, म्हणजे २०२० पासून आहे. ट्विगमध्ये (पीएचपीची दुसरी टेम्प्लेट भाषा) आणि जँगोमध्येही (पायथनची चौकट) इन्क्लूड मुळात सगळा संदर्भ आत नेतं. दोन्हींत ‘ओन्ली’ हा शब्द जोडला की दरवाजा बंद होतो आणि नाव घेऊन दिलेल्याच गोष्टी आत जातात. वर्डप्रेसवर टेम्प्लेटचा तुकडा बोलावताना सोबत माहिती द्यायची नीट सोय ५.५ आवृत्तीत (२०२०) आली. त्याआधीच्या थीममध्ये ग्लोबल व्हेरिएबल्सचा जो सुळसुळाट दिसतो, त्याचं एक मोठं कारण हेच. सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) बाजूलाही हेच घडलं. सासमधला (सीएसएस लिहायच्या वाढीव भाषेतला) जुना इंपोर्ट सगळी नावं एकाच अंगणात आणून टाकायचा. २०१९ मध्ये त्याच्या जागी ‘यूज’ आला आणि २०२४ मध्ये जुन्या इंपोर्टला अधिकृतपणे निरोपाची सूचना मिळाली. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी एकाच त्रासावर एकच औषध काढलं, म्हणून मी या मुद्द्यावर एवढा अडून आहे.

मग हेडर-फुटर का सोडून द्यायचे? कारण ते प्रत्येक पानावर एकदाच येतात आणि सगळीकडे जवळपास सारखेच असतात. एकदाच येणाऱ्या, माहिती न मागणाऱ्या तुकड्याला इन्क्लूड उत्तम आहे. तळाचा पत्ता, परताव्याचे नियम, संपर्काचा क्रमांक, पावसाळ्यात लावायची ‘मुसळधार पावसामुळे प्रयोग रद्द झाल्यास’ ही सूचना, हे सगळं इन्क्लूडच असू द्या. त्यांच्याभोवती फंक्शनं आणि वर्ग उभारण्यात वेळ घालवू नका.

पण एक सवय आहे का ते जरूर तपासा. हेडरच्या फाइलमध्ये मुख्य भागाचा डिव्ह (पानाचा एक भाग बांधणारा टॅग) उघडतो आणि फुटरच्या फाइलमध्ये तो बंद होतो, ही मांडणी फार साइटवर दिसते. कोणी हेडरमध्ये एक डिव्ह वाढवला आणि फुटरमध्ये बंद करायचा राहिला की पूर्ण साइटची रचना सरकते, आणि ब्राउझर मुकाट्याने सांभाळून घेत असल्यामुळे काही पानांवर ते दिसतही नाही. तसं तुमच्याकडे असेल तर हेडर-फुटर वेगळे न ठेवता पानाचा एक साचा करा, ज्याच्या मधोमध एक रिकामी जागा असेल. प्रत्येक पान आपला मजकूर त्या जागेत देतं. ब्लेडमध्ये याला स्लॉट म्हणतात, ट्विगमध्ये आणि जँगोमध्ये ब्लॉक. जो टॅग जिथे उघडला तो त्याच फाइलमध्ये बंद व्हायला हवा. इथे मी तडजोड करत नाही.

आता इन्क्लूड ठेवणारच आहात, तर त्यातल्या तीन जागा आजच पाहून घ्या.

पहिली, लॉगिन तपासणारी फाइल. ती इन्क्लूडने आणली असेल तर ताबडतोब रिक्वायर (फाइल आणायची दुसरी आज्ञा) करा. फाइल सापडली नाही तर इन्क्लूड फक्त ताकीद देतं आणि पान पुढे चालू राहतं. लाइव्ह सर्व्हरवर ती ताकीद पडद्यावर न दिसता लॉगमध्ये जाते. म्हणजे कोणी फोल्डरचं नाव बदललं आणि तपासणीची फाइल हरवली, तर बुकिंगचा हिशेब दाखवणारं पान सगळ्या जगाला उघडं. रिक्वायर असेल तर पान तिथेच थांबतं. थांबलेलं पान परवडतं.

दुसरी जागा, पत्त्यातून (यूआरएलमधून) आलेल्या नावावरून इन्क्लूड करणं. जुन्या साइटवर ‘पेज=संपर्क’ असं पत्त्यात लिहायचं आणि त्या नावाची फाइल इन्क्लूड करायची, ही पद्धत सर्रास होती. पत्त्यात काय लिहायचं हे पाहणाऱ्याच्या हातात असतं, म्हणून तो सर्व्हरवरची भलतीच फाइलही मागू शकतो. दूरच्या सर्व्हरवरून फाइल ओढून आणायची सोय पीएचपी ५.२ पासून मुळात बंद असते आणि ७.४ मध्ये ती कालबाह्य ठरवली गेली, पण आपल्याच सर्व्हरवरच्या फाइलींचा धोका त्याने जात नाही. परवानगी असलेल्या नावांची यादी कोडमध्ये लिहा, आलेलं नाव त्या यादीत आहे का पाहा, आणि फाइलचा मार्ग यादीतूनच घ्या.

तिसरी गोष्ट लहान आहे पण फसवते. इन्क्लूड-वन्स (एक फाइल एकदाच आणणारी आज्ञा) हे फक्त फंक्शनं आणि वर्ग असलेल्या फाइलींसाठी आहे. लूपमध्ये कार्ड छापायला ते वापरलं तर एकच कार्ड येतं आणि बाकीचे अकरा प्रयोग गायब. ‘सुरक्षित’ वाटतं म्हणून सगळीकडे वन्स लावणारे लोक आहेत, त्यांना इथे धक्का बसतो.

वेगाबद्दल जुनी मंडळी काळजी करत असतील तर सांगा, पीएचपी ५.५ पासून (२०१३) ओपीकॅश (संकलित कोड मेमरीत ठेवणारी सोय) सोबतच येतो. तो चालू असेल तर फाइल प्रत्येक वेळी नव्याने वाचून पुन्हा संकलित करावी लागत नाही. बारा कार्डांची बारा इन्क्लूड किंवा बारा फंक्शन कॉल यांनी पान मंदावणार नाही. मंदावतं ते दुसऱ्याच गोष्टीने: कार्डाच्या आतून डेटाबेसला विचारणा केली जाते तेव्हा. कार्ड स्वतः नाट्यगृहाचं नाव शोधतं, स्वतः दर शोधतं, स्वतः उरलेल्या जागा मोजतं. बारा कार्डांचे छत्तीस प्रश्न होतात, आणि ‘सर्व प्रयोग’ या पानावर शंभर कार्डं असतील तर तीनशे. कार्डाला छापायचं काम द्या, शोधायचं नको. पानाने दोन-तीन विचारण्यांत सगळी माहिती गोळा करावी आणि प्रत्येक कार्डाला त्याचा वाटा द्यावा. हे इन्क्लूडलाही लागू आहे, पण कंपोनंटमध्ये माहिती बाहेरूनच द्यावी लागत असल्यामुळे शिस्त आपोआप लागते.

कार्ड एकाच पानावर अनेकदा येतं, याचा आणखी एक परिणाम एचटीएमएलमध्ये होतो. कार्डात ‘दर पाहा’ असं बटण आहे आणि ते उघडणाऱ्या चौकटीला ‘दर’ असा आयडी दिला आहे, असं धरा. बारा कार्डं म्हणजे त्याच आयडीच्या बारा चौकटी. जावास्क्रिप्टने आयडीवरून शोधलं की पहिलीच हाती येते, म्हणून सातव्या कार्डावर दाबलं तरी पहिल्याचे दर उघडतात. स्क्रीनरीडर वापरणाऱ्यांचा तर पूर्ण घोळ होतो. कार्डाला प्रयोगाचा क्रमांक दिलेलाच असतो, तो आयडीला जोडा. रिअ‍ॅक्टमध्ये यासाठी १८ व्या आवृत्तीपासून स्वतंत्र हुक (तयार फंक्शन) आहे. पीएचपीत प्रयोगाचा क्रमांक पुरतो.

कंपोनंट करायला लागलं की उलट्या टोकाची चूक होते, तीही सांगून ठेवतो. आधी कार्ड साधं असतं. मग बालनाट्यासाठी थोडं वेगळं हवं, म्हणून एक खरं-खोटं स्विच येतं. मोबाइलसाठी ‘छोटं’ स्विच. शोधाच्या पानावर दर नकोत, म्हणून आणखी एक. वर्षभरात त्या फंक्शनला चौदा गोष्टी द्याव्या लागतात आणि आत जर-तरचं जंगल होतं. दोन स्विच झाले की थांबून विचार करा. बालनाट्याचं कार्ड खरंच तेच कार्ड आहे, की फक्त तसं दिसतं? दिसण्यापुरतं साम्य असेल तर दोन वेगळे कंपोनंट ठेवा. थोडा कोड दोनदा लिहिला म्हणून काही बिघडत नाही. चुकीच्या जागी एकत्र केलेला कोड सोडवणं मात्र फार कठीण जातं. आणि फरक फक्त एखाद्या कोपऱ्यात असेल, उदाहरणार्थ बटणाच्या जागी कधी ‘तिकीट काढा’ तर कधी ‘लवकरच’, तर तिथे स्लॉट ठेवा. जो बोलावतो तो त्यात काय हवं ते भरेल.

काम कुठून सुरू करायचं? कार्डापासून, आणि कार्डाआधी एका नमुना-पानापासून. हे पान लोकांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. त्यावर एकच कंपोनंट त्याच्या सगळ्या अवतारांत छापा: नेहमीचा प्रयोग, हाउसफुल्ल, रद्द, फोटो नसलेला, दर अजून न ठरलेला. नावं मुद्दाम लांब घ्या. ‘शिवाजी मंदिर, दादर’ कुठेही मावतं, पण ‘मास्टर दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, विलेपार्ले’ अरुंद मोबाइलवर दोन ओळींत जातं आणि बटण खाली ढकलतं. देवनागरीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर अक्षरं एकमेकांना टेकतात, हेही याच पानावर दिसतं. इन्क्लूडचं असं नमुना-पान करायला गेलात तर आधी पाच-सात व्हेरिएबल्स पानावर मांडावी लागतात, त्यातलं एक विसरलं की ताकीद येते. कंपोनंटचं पान सहज होतं. खरं तर हीच परीक्षा आहे: एखादा तुकडा कोऱ्या पानावर एकटा उभा राहत नसेल तर तो अजून कंपोनंट झालेला नाही, मग त्याला नाव काहीही द्या.

आकडे आणि तारखा यांचं एकच फंक्शन करा आणि कार्डाला तेच वापरायला लावा. भाषा मराठी-भारत ठेवली की ब्राउझरचा इंटल (भाषेनुसार आकडे-तारखा मांडणारी सोय) आणि पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शन दोन्ही देवनागरी आकडे देतात आणि लाखाच्या पद्धतीने स्वल्पविराम लावतात. आज तुमच्या साइटवर एका पानावर ‘₹५००’ आणि दुसऱ्यावर ‘रु. ५००/-’ असं असेल, तर तेही याच वेळी मार्गी लागेल.

राहिला रिअ‍ॅक्टचा मुद्दा. तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं एका पानाबाबतीत बरोबर आहे: आसनं निवडायचं पान. तिथे प्रत्येक खुर्ची दाबता येते, रंग बदलते, एकूण रक्कम लगेच बदलते, आणि दुसऱ्या कोणी ती जागा घेतली तर ती समोरच्या समोर बंद व्हायला हवी. एवढी सतत बदलणारी स्थिती पीएचपीच्या कार्डाने सांभाळायची नाही. त्या पानापुरतं रिअ‍ॅक्ट किंवा व्ह्यू (तशीच दुसरी लायब्ररी) आणा. किंवा ब्राउझरच्या स्वतःच्या कस्टम एलिमेंटमध्ये (आपण बनवलेल्या टॅगमध्ये) करा. फायरफॉक्स २०१८ च्या ६३ व्या आवृत्तीपासून ते वापरतो, क्रोम आणि सफारी त्याआधीपासून. त्याचा फायदा असा की पीएचपीने छापलेल्या पानात तो एक टॅग लिहिला की झालं. शॅडो डॉम (टॅगच्या आतली, बाहेरच्या सीएसएसपासून वेगळी ठेवलेली रचना) वापरलात तर एक लक्षात ठेवा: देवनागरी फाँटची घोषणा मुख्य पानाच्या सीएसएसमध्येच करा, शॅडोच्या आत केली तर ती लागू होत नाही. आणि जागा कोणाची हे सर्व्हरनेच ठरवायचं, ब्राउझरने फक्त दाखवायचं.

बाकीची पानं मात्र सर्व्हरवरूनच तयार होऊन जाऊ द्या. तुमचा प्रेक्षक डोंबिवलीहून लोकलमध्ये उभ्याने साइट उघडतो, रेंज येते-जाते. सर्व्हरने पूर्ण छापलेलं पान एकदा पोचलं की प्रयोगाची वेळ आणि दर वाचता येतात. फक्त ब्राउझरमध्ये उभ्या राहणाऱ्या पानाला आधी जावास्क्रिप्टची फाइल पूर्ण उतरावी लागते, मग ती माहिती मागवते, मग कार्डं दिसतात. रिअ‍ॅक्टही सर्व्हरवर छापता येतं, पण त्यासाठी सर्व्हरवर नोडसारखं काही (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालवायला हवं, आणि मग होस्टिंग, डिप्लॉय, देखभाल, सगळंच बदलतं. तुमच्या टीममध्ये ते रोज सांभाळणारं कोणी आहे का, ते आधी पाहा.

एचटीएमएलमध्येच इन्क्लूडची सोय नाही का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. एचटीएमएल इंपोर्ट नावाचा प्रयत्न झाला होता. क्रोमने तो काही वर्षं चालवला आणि २०२० मधल्या ८० व्या आवृत्तीत काढून टाकला. पीएचपी नसलेल्या एखाद्या निव्वळ माहितीच्या साइटवर अपाचे या वेब सर्व्हरचं सर्व्हर साइड इन्क्लूड आजही चालतं, आणि चार-पाच पानांच्या साइटला तेवढं पुरे आहे.